‘बिनधास्त टाका’ असं दुकानदाराने लिहून दिलं होतं, आणि आता मासे मेले

प्रश्न : मी पुण्यात राहतो. घरी खाऱ्या पाण्याचा चार फुटी टँक आहे, सुमारे अडीचशे लिटरचा. त्यात दोन वर्षांपासून एक यलो टँग (पिवळ्या रंगाचा समुद्री मासा) आणि दोन क्लाउनफिश सुखाने राहत होते. मुंबईतल्या एका दुकानदाराला मी टँकचा फोटो आणि मापं व्हॉट्सॲपवर पाठवली आणि विचारलं, ‘यलो टँग आहे, त्याच्यासोबत अजून कोणते टँग चालतील?’ त्याचं उत्तर आलं, ‘पर्पल आणि पावडर ब्लू, दोन्ही बिनधास्त टाका, काही होणार नाही, माझी गॅरंटी.’ मी २४,००० आणि ७,००० असे ३१,००० रुपये यूपीआयने दिले. मासे ताब्यात घेताना हाताने लिहिलेली चिठ्ठी मिळाली. त्यावर ‘जिवंत माशांची गॅरंटी नाही, विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ असा शिक्का होता. तिसऱ्या दिवशी यलो आणि पर्पल एकमेकांवर तुटून पडले, दोघांच्याही अंगावर चिरा पडल्या. मी लगेच दुकानदाराला फोटो पाठवले. तो म्हणाला, ‘होईल शांत.’ चौथ्या दिवशी मी मध्ये ॲक्रिलिकची पट्टी लावली, पण पाचव्या दिवशी पर्पल मेला. आठव्या दिवशी पावडर ब्लूवर पांढरे ठिपके दिसले आणि अठराव्या दिवसापर्यंत क्लाउनफिशसकट सगळे गेले. आता दुकानदार फोन उचलत नाही. त्याच्यावर फसवणुकीचा गुन्हा दाखल करता येईल का? मला दोन लाख भरपाई हवी आहे. टँकचा फोटो सोबत जोडला आहे. त्यात दिसणारं प्रवाळ मी स्वतः मालवणहून आणलं आहे.

उत्तर : तुमचं पत्र वाचून वाईट वाटलं. दोन वर्षं रोज पाणी तपासून, नोरी, म्हणजे वाळवलेलं समुद्री शेवाळ, चिमट्याला लावून ज्या माशाला जगवलं, तो डोळ्यांदेखत असा जाणं म्हणजे काय, हे ज्यांच्या घरी टँक आहे त्यांना सांगावं लागत नाही. पण तुमच्या पत्राचं शेवटचं वाक्य वाचून मी आधी तिथेच थांबले. दुकानदाराकडे आपण नंतर येऊ.

वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत खडक बांधणारी प्रवाळं आहेत, म्हणजे वाघ ज्या यादीत आहे त्याच यादीत. समुद्रातून ती काढणं, विकत घेणं किंवा जवळ बाळगणं हा गुन्हा आहे, मग प्रवाळ जिवंत असो की वाळलेलं. पहिल्या अनुसूचीतल्या प्राण्याबाबतच्या गुन्ह्याला किमान तीन आणि कमाल सात वर्षं कैद व किमान २५,००० रुपये दंड आहे. मालवणच्या किनाऱ्याजवळ १९८७ पासून सागरी अभयारण्य आहे. ते तुकडे तिथले निघाले तर प्रकरण आणखी वाढतं. अशी वस्तू हाती आल्यापासून अठ्ठेचाळीस तासांत जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा अधिकृत अधिकाऱ्याला कळवावं, असं याच कायद्याचं कलम ३९ सांगतं. तुमच्या बाबतीत ती मुदत कधीच उलटली आहे.

म्हणून हा फोटो आत्ता कुठेही जोडू नका, नोटिशीला नको आणि तक्रारीलाही नको. पण प्रवाळ फेकून देण्याच्या, कुणाला देऊन टाकण्याच्या किंवा परत समुद्रात सोडण्याच्या फंदातही पडू नका, कारण त्यातून दुसराच प्रश्न उभा राहतो. वन्यजीव कायद्याची प्रकरणं चालवणाऱ्या फौजदारी वकिलाला या आठवड्यातच भेटा. वनविभागाकडे, किनारपट्टीच्या बाबतीत कांदळवन कक्षाकडे, आपणहून कसं जायचं हे त्यांच्यासोबत ठरवा. आपणहून गेलेल्या माणसाकडे बघण्याची नजर आणि धाडीत सापडलेल्या माणसाकडे बघण्याची नजर यांत फरक असतो. हे आधी मार्गी लागू द्या. ग्राहक तक्रारीला दोन वर्षांची मुदत आहे, ती पळून जात नाही.

आता दुकानदाराकडे येऊ.

फसवणुकीचा गुन्हा दाखल करण्याचा विचार सोडून द्या. भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणूक ठरायला व्यवहाराच्या सुरुवातीपासूनच लबाडीचा हेतू असावा लागतो. या माणसाने तुम्हाला मासे दिले, जे सांगितले तेच दिले. त्याने सल्ला चुकीचा दिला, कदाचित विक्री व्हावी म्हणून बेफिकिरीने दिला. तो हेतू सिद्ध होणार नाही, आणि पोलीस ठाण्यात हे दिवाणी स्वरूपाचं आहे असं सांगून तुम्हाला परत पाठवतील. त्यात दोन महिने जातील आणि रागही वाढेल. समाजमाध्यमावर दुकानाचं नाव घेऊन ‘चोर’ लिहायचा मोह होत असेल, तर तोही आवरा. घडलं ते पुराव्यानिशी सांगणं वेगळं आणि एखाद्याला चोर म्हणणं वेगळं. दुसऱ्या गोष्टीपायी मानहानीची उलट तक्रार तुमच्याच गळ्यात येईल.

तुमचा खरा आधार म्हणजे तुम्ही विचारलेला तो एक प्रश्न. खरेदीआधी, लेखी, मापांसकट आणि ‘यलो टँग आधीच आहे’ हे सांगून तुम्ही विचारलंत. वस्तू विक्री अधिनियम, १९३० चं कलम १६ हेच सांगतं : ग्राहकाने आपल्याला वस्तू कशासाठी हवी आहे ते विक्रेत्याला सांगितलं, विक्रेत्याच्या जाणकारीवर तो विसंबला, आणि तशी वस्तू विकणं हा त्या विक्रेत्याचा धंदाच असेल, तर ती वस्तू त्या कामाला योग्य असेल ही अट करारात आपोआप येते. तुम्ही काचेआड बोट दाखवून ‘तो जांभळा द्या’ म्हणाला असतात, तर मी तुम्हाला हे प्रकरण लढा असं म्हटलं नसतं. तुम्ही ‘याच्यासोबत चालेल तो’ मासा मागितलात. मासा धडधाकट होता हे उत्तर इथे पुरत नाही.

ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ मध्ये ‘दोष’ या शब्दाची व्याख्या आणखी मोकळी आहे. व्यापाऱ्याने कोणत्याही प्रकारे जो दर्जा किंवा गुण सांगितला असेल, त्यात कमतरता असली तरी तो दोष. व्हॉट्सॲपवर सांगितलेलंही त्यात येतं.

चुकीचा सल्ला म्हणजे नेमकं काय चुकलं, हे ग्राहक आयोगापुढे तुम्हालाच समजावून सांगावं लागेल, कारण तिथे बसलेल्या कुणाच्याही घरी टँक नसेल असं धरून चाला. टँग म्हणजे ॲकँथुरिडी कुळातले मासे. शेपटीच्या बुंध्याशी शस्त्रासारखा धारदार काटा असतो म्हणून त्यांना सर्जनफिश म्हणतात. पत्रात ज्या चिरा तुम्ही लिहिल्यात, त्या त्याच काट्याच्या. हे मासे आपल्या हद्दीबद्दल फार कडवे असतात, आणि सगळ्यात जास्त चिडतात ते आपल्यासारख्याच अंगलटीच्या, आपल्याच प्रजातीगटातल्या माशावर, कारण खाणं आणि कपार या दोन्हींचा तो थेट वाटेकरी असतो. यलो आणि पर्पल दोघेही झेब्रासोमा गटातले. यलो दोन वर्षं त्या टँकचा मालक होता, आणि मोठा झालेला पर्पल स्वभावाने यलोपेक्षाही आक्रमक असतो. मोठ्या टँकमध्ये, दोघे लहान असताना एकदम सोडले तर कधीकधी जमून जातं. अडीचशे लिटरमध्ये, जुन्या यलोच्या हद्दीत पर्पल सोडायला सांगणं हा जाणकाराचा सल्ला नव्हे. पावडर ब्लू वेगळ्या, ॲकँथुरस गटातला, त्यामुळे भांडणाचा धोका थोडा कमी. पण तो वीस सेंटिमीटरच्या पुढे जाणारा आणि सतत पोहत राहणारा मासा आहे. त्याला सहा फुटी टँक लागतो, आणि पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाला तो लगेच बळी पडतो हे या छंदात सगळे जाणतात.

हे सगळं मत्स्यविज्ञान शिकलेल्या कुणाकडून तरी प्रतिज्ञापत्रावर घ्या. वर्सोव्याला केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे आणि रत्नागिरीत शिरगावला मत्स्य महाविद्यालय आहे. तिथून शिकून बाहेर पडलेले बरेच जण सल्लागार म्हणून काम करतात. मेलेले मासे तुम्ही ठेवले नसणार, त्यामुळे हे मत आणि तुमचे त्या दिवसांचे फोटो यांवरच भिस्त राहील.

आता तुमची दुबळी बाजू. ती समोरच्या वकिलाच्या तोंडून ऐकण्यापेक्षा माझ्याकडून ऐकलेली बरी. पांढरे ठिपके, म्हणजे क्रिप्टोकॅरिऑन हा परजीवी, नव्या माशाबरोबर आला असण्याची शक्यता मोठी आहे. पण नवे मासे तुम्ही वेगळ्या टाकीत क्वारंटाइन न करता थेट मुख्य टँकमध्ये सोडलेत. दुकानदार हेच म्हणेल, आणि दोन वर्षांच्या अनुभवी छंदिष्टाला हे ठाऊक नसावं यावर आयोगाचा विश्वास बसणं कठीण आहे. म्हणून तक्रारीत भांडण आणि रोग यांची गाठ मारू नका. पर्पल आणि यलो यांचं नुकसान चुकीच्या जोडीवर मांडा, तो तुमचा भक्कम भाग आहे. यलो रोगाने गेला असेल, पण जखमी मासा रोगाला आधी बळी पडतो हे तज्ज्ञाच्या मतात यायला हवं. पावडर ब्लू टँकच्या मापावर मांडा. क्लाउनफिश मागायला हरकत नाही, पण त्यांच्यावर प्रकरण टेकवू नका.

एक गोष्ट मात्र तुम्ही फार चांगली केलीत. करार कायद्याच्या कलम ७३ खाली नुकसान मोजताना, ते टाळायला हाताशी असलेले उपाय तुम्ही केले का हेही पाहतात. तिसऱ्या दिवशी फोटो पाठवणं आणि चौथ्या दिवशी पट्टी लावणं हे दोन्ही तुमच्या बाजूचे. पट्टीचा तारखेसह फोटो असेल तर तो सांभाळा.

शिक्क्याची भीती बाळगू नका. पैसे आधी दिलेत, चिठ्ठी नंतर हातात आली. व्यवहार पुरा झाल्यावर एका बाजूने घातलेली अट बांधील नसते. शिवाय त्याने ‘माझी गॅरंटी’ असं स्वतः लिहून दिलंय, त्यापुढे सरसकट मारलेला शिक्का टिकायला अवघड जाईल. रीतसर बिल न देणं, आणि दोष निघालेली वस्तू बिलात मुदत नसेल तर तीस दिवसांत परत घ्यायला नकार देणं, या दोन्ही गोष्टी २०१९ च्या कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा म्हणून स्पष्ट नमूद आहेत. इथे एक जपा : तक्रारीत ‘अनुचित करार’ हे शब्द घालू नका. अनुचित कराराचे वाद जिल्हा आयोगाकडे नाही, राज्य आयोगाकडे जातात, आणि केवळ त्या एका शब्दामुळे अधिकारक्षेत्राचा आक्षेप येऊ शकतो. ‘अनुचित व्यापारी प्रथा’ एवढंच म्हणा.

दुकान मुंबईत असलं तरी तक्रार पुण्यातच करता येते. तक्रारदार जिथे राहतो तिथल्या जिल्हा आयोगाला अधिकार देणारं कलम ३४ याचसाठी आहे. वस्तूची किंमत पाच लाखांच्या आत असल्याने शुल्क नाही, आणि ई-जागृती या संकेतस्थळावरून घरबसल्या दाखल करता येते. त्याआधी पंधरा दिवसांची नोटीस स्पीड पोस्टाने पाठवा. कायद्याने ती सक्तीची नाही, पण निम्मी प्रकरणं नोटिशीतच सुटावीत इतका तिचा उपयोग असतो, असा माझा अनुभव आहे. तक्रार दाखल होऊन नोटीस पोहोचल्यावर दुकानदाराला उत्तरासाठी तीस दिवस आणि फार तर आणखी पंधरा दिवस मिळतात.

दोन लाखांचा आकडा मागे घ्या. पर्पल आणि पावडर ब्लूचे ३१,०००, यलोची खरेदीची किंमत, औषधांचा खर्च, आणि मानसिक त्रासापोटी पंधरा ते वीस हजार असं मागणं मला योग्य वाटतं. अवास्तव आकडा मागितला की खऱ्या आकड्यावरही संशय येतो. दुकानदार तडजोडीला आला आणि ‘पैशांऐवजी दुसरे मासे देतो’ म्हणाला, तर नाही म्हणा. तुमच्या टँकमध्ये तो परजीवी अजून आहे. मासे नसलेला टँक सुमारे ७६ दिवस तसाच रिकामा ठेवल्याशिवाय नवा मासा सोडू नये असं या छंदातले अनुभवी लोक सांगतात. रोख परतावा घ्या आणि तो लेखी घ्या.

आणि चॅट. फोन बदलणार असाल, दुरुस्तीला देणार असाल, तर थांबा. संभाषण पूर्ण एक्स्पोर्ट करा, फक्त सोयीच्या ओळींचे स्क्रीनशॉट नकोत. ‘बिनधास्त टाका’च्या आधीचा तुमचा प्रश्न आणि नंतरचं ‘होईल शांत’ ही सगळी साखळी हवी. फोनमधला पुरावा दाखल करायला लागणारं भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र वकिलाच्या मदतीने तयार करा, त्यावर तुमची आणि तज्ज्ञाची सही लागते, आणि मूळ फोन तसाच ठेवा. दुकानदाराने त्याच्याकडून ‘डिलीट फॉर एव्हरीवन’ करायच्या आत, हे काम आज रात्रीच करा.