गाडीचा दवाखाना : हेड न उतरवता व्हॉल्व्हचा कार्बन निघतो का?

प्रश्न : काका, माझी १५० सीसीची कार्बोरेटरवाली मोटरसायकल २०१४ सालची आहे. ४८ हजार किलोमीटर झालीय. सुदामा नगरहून राजवाड्याला दुकानात जायचं आणि रात्री परत, एवढाच तिचा प्रवास. गेल्या हिवाळ्यापासून सकाळी चोक ओढूनही पाच-सहा किका माराव्या लागतात. चालू झाली तरी पहिली दोन मिनिटं रेस दिली की अडखळते, गरम झाली की ठीक चालते. ॲव्हरेज ५० वरून ४० वर आलं. एक मेस्त्री म्हणतात, व्हॉल्व्हवर कार्बन चढलाय, हेड, म्हणजे सिलिंडरवरचं व्हॉल्व्ह असलेलं झाकण, उतरवावं लागेल. दुसऱ्या ठिकाणी मशीन लावून अर्ध्या तासात कार्बन काढून देतो म्हणतात. हेड न उतरवता काम होईल का?
— एक वाचक, सुदामा नगर, इंदूर

उत्तर : होतं, आणि तुम्ही लिहिलेल्या लक्षणांवरून तुमच्या गाडीचंही व्हायला हवं. पण कार्बन तीन जागी चढतो आणि तिन्हींचा इलाज वेगळा. तेव्हा ‘कार्बन काढून देतो’ म्हणणाऱ्याला आधी ‘कुठला?’ असं विचारा.

पहिली जागा इनटेक व्हॉल्व्हची, म्हणजे हवा-पेट्रोल आत घेणाऱ्या व्हॉल्व्हची, पाठ. तिथे, कार्बोरेटरकडच्या बाजूला, चढणाऱ्या थरात पेट्रोलच्या चिकटाबरोबर भाजलेलं ऑइलही पुष्कळ असतं. व्हॉल्व्ह सील कडक झालं की दांड्यावरून ऑइल झिरपतं. क्रँककेसमधली तेलकट वाफ ब्रीदरच्या नळीतून एअर फिल्टरच्या डब्यात येते. हे सगळं गरम व्हॉल्व्हवर भाजून चिकटत जातं. हा थर वाळलेल्या घोसाळ्यासारखा सच्छिद्र असतो. थंड इंजिनाला किक मारली की येणारं पेट्रोल आधी तोच पितो आणि सिलिंडरपर्यंत पोचतं ते अपुरं. म्हणून सकाळच्या किका आणि म्हणून ते अडखळणं. इंजिन तापलं की तक्रार आपोआप कमी होते, तुम्ही लिहिलंय तशीच.

दुसरी जागा एक्झॉस्ट व्हॉल्व्ह, म्हणजे जळका वायू बाहेर सोडणारा. तो चालत्या गाडीत सातशे अंशांच्या आसपास तापतो, त्यामुळे बरीच काजळी तिथल्या तिथे जळते. तिथे भीती असते ती सीटवर (व्हॉल्व्ह जिथे टेकतो त्या कड्यावर) अडकलेल्या कार्बनच्या कणाची. व्हॉल्व्ह पूर्ण बसत नाही, फटीतून आगीसारखा वायू जात राहतो आणि व्हॉल्व्हची कड जळते. तिसरी जागा पिस्टनचा माथा. तिथे थर जाड झाला तर चढावर, गिअर मोठा असताना, टकटक आवाज येतो. तुम्ही तसं काही लिहिलेलं नाही, म्हणून माझा संशय पहिल्या जागेवर आहे.

काहीही ओतायच्या आधी प्लग काढून उजेडात बघा. तांबूस-तपकिरी असेल तर मिक्श्चर बरोबर आहे. कोरडी, बोटाला लागणारी काजळी असेल तर गाडी पेट्रोल जास्त खातेय: एअर फिल्टर चोंदलाय, नीडल जेट झिजलाय किंवा चोक पूर्ण मागे जात नाहीये. चोकची केबल अडकून प्लंजर अर्धवट उघडा राहणं इतकी साधी गोष्ट आहे की घाईत ती कोणी बघत नाही, आणि तेवढ्यानेही ॲव्हरेज पडतं. प्लग तेलाने ओला असेल तर मात्र ऑइल वर येतंय. उतारावर रेस सोडून पुन्हा दिल्यावर निळा धूर आला तर सील गेलं असं समजा. ओढ पडल्यावर सतत निळा धूर येत असेल तर पिस्टनच्या रिंगा गेल्या. अशा गाडीचा कार्बन आज काढला तरी काही महिन्यांत परत चढेल.

त्यानंतर इंजिन थंड असताना टॅपेट, म्हणजे व्हॉल्व्ह आणि त्याला दाबणारा भाग यांतली फट, तपासा. मी पीथमपूरला एका कारखान्यात इंजिन टेस्टिंगला होतो, तिथे नव्या मुलाला पहिली शिकवण हीच मिळायची की टॅपेटची फट मोजल्याशिवाय हेडला हात लावायचा नाही. टॅपेट टाइट असला की व्हॉल्व्ह सीटवर पूर्ण टेकत नाही आणि गाडी सकाळी नेमकी अशीच त्रास देते. किती फट हवी ते गाडीच्या पुस्तकात असतं. ती मोजायची पातळ पट्ट्यांची फीलर गेज फार महाग नाही.

मग कॉम्प्रेशन टेस्ट करून घ्या. इंजिन गरम, प्लग काढलेला, थ्रॉटल पूर्ण उघडं, आणि काटा वाढायचा थांबेपर्यंत किका. रीडिंग कमी आलं तर प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल घालून पुन्हा मोजा. आता वाढलं तर रिंगा ढिल्या, नाही वाढलं तर व्हॉल्व्ह गळतोय.

समजा हे सगळं ठीक निघालं. तर पहिला उपाय टाकीतून. पेट्रोलमध्ये टाकायचे क्लीनर मिळतात, त्यातला ज्याच्या डबीवर पॉलिइथर अमाइन लिहिलेलं असेल तोच घ्या. कार्बोरेटरच्या गाडीत पेट्रोलचे थेंब व्हॉल्व्हच्या पाठीवरूनच आत जातात, त्यामुळे क्लीनर नेमका हवा तिथे पोचतो. हे रसायन उष्णतेला टिकतं, म्हणून पिस्टनच्या माथ्यावरही थोडं काम करतं. स्वस्त डब्यांत बरेचदा नुसतं रॉकेलच्या जातीचं सॉल्व्हंट असतं, त्याने भाजलेला थर हलत नाही. डोस डबीवर कारच्या हिशेबाने छापलेला असतो. ५० लिटरला एक डबी लिहिलं असेल आणि तुम्ही १० लिटर भरत असाल तर पाचवा हिस्सा, तोही सिरिंजने मोजून. क्लीनर आधी टाका, वरून पेट्रोल भरा, म्हणजे नीट मिसळेल.

आणि ती टाकी सुदामा नगर-राजवाडा फेऱ्यांत संपवू नका. जेमतेम चार-पाच किलोमीटर, त्यात जवाहर मार्गावरची गर्दी. तुमचं इंजिन पुरतं तापायच्या आत बंद होतं, आणि तुमच्या कार्बनचं मूळ बहुतेक तिथेच आहे. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर गेलं तरच स्वतःवरची काजळी जाळतं. रविवारी सकाळी उज्जैनला जाऊन या, एका बाजूने ५५ किलोमीटरच्या आसपास, म्हणजे तासभर इंजिन सलग गरम राहतं. वेग वाढवायची गरज नाही. एक गिअर खाली ठेवा म्हणजे इंजिन मोकळं फिरेल. टॉप गिअरमध्ये घरघरत ओढणं कार्बनला सगळ्यात मानवतं.

अशा दोन टाक्यांत फरक पडला नाही तर दुसरा उपाय. यात कार्बोरेटर आणि त्याला हेडशी जोडणारं मॅनिफोल्ड काढावं लागतं, पण हेड जागेवरच राहतं. गाडी मेन स्टँडवर घ्या, प्लग काढा, टॉप गिअर टाका आणि प्लगच्या भोकावर अंगठा ठेवून मागचं चाक हाताने पुढे फिरवा. आतून हवा अंगठ्याला ढकलायला लागली की तो कॉम्प्रेशन स्ट्रोक. तिथून हळूहळू फिरवत मॅग्नेटवरची (क्रँकच्या टोकाच्या फिरत्या चाकावरची) ‘टी’ खूण कव्हरच्या खुणेसमोर आणा. आता दोन्ही व्हॉल्व्ह बंद आहेत. पोर्टमध्ये, म्हणजे मॅनिफोल्ड काढल्यावर दिसणाऱ्या हेडमधल्या वाटेत, टॉर्च मारा. स्वच्छ व्हॉल्व्हचा दांडा आणि पाठ राखाडी, धातूची दिसते; थर असेल तर दांड्याच्या मुळाशी काळं, खरखरीत कडं दिसेल.

पोर्टमध्ये इनटेक व्हॉल्व्ह क्लीनर व्हॉल्व्हची पाठ बुडेल इतकाच ओता आणि पाच-दहा मिनिटं नुसतं बघत राहा. पातळी आपोआप उतरायला लागली तर द्रव सीटवरून सिलिंडरमध्ये चाललंय, म्हणजे व्हॉल्व्ह बसत नाहीये. अशा वेळी तुमचे पहिले मेस्त्री बरोबर: हेड उतरवून लॅपिंग, म्हणजे व्हॉल्व्ह सीटवर घासून नीट बसवणं, करावं लागेल. पातळी टिकली तर तासभर भिजू द्या, नायलॉनच्या लांब ब्रशने घासा, सिरिंजला नळी लावून काळं पाणी ओढून घ्या, आणि क्लीनर स्वच्छ निघेपर्यंत हेच करा. तारेचा ब्रश नको, त्याचा तुटलेला केस आत गेला तर सिलिंडर ओरबाडला जाईल. शेवटी फडक्याने टिपा आणि कॉम्प्रेसरची हवा मारा. डोळ्यांवर चष्मा हवाच, आणि जवळपास विडी-सिगारेट नको. जोडण्याआधी प्लग बाहेर ठेवून, प्लगची वायर दूर बांधून, पाच-सात किका मारा म्हणजे आत राहिलेलं निघून जाईल. पहिल्यांदा चालू कराल तेव्हा धूर होईल, गाडी उघड्यावर असू द्या. मग इंजिन ऑइल बदला, कारण झिरपलेला क्लीनर ऑइल पातळ करतो. हा खर्च वाचवू नका.

मशीनबद्दल माझं मत स्पष्ट आहे: पैसे घालवू नका. बऱ्याच मशीन पाण्यापासून हायड्रोजन-ऑक्सिजन बनवून चालू इंजिनात सोडतात. तो वायू सिलिंडरच्या आत जळतो. इनटेक व्हॉल्व्हच्या पाठीवर ज्वाळा पोचतच नाही, मग तिथला थर जाईल कसा? उभ्या गाडीत स्लोवर अर्धा तास इंजिन चालवून जेवढी उष्णता मिळते त्याहून जास्त तुम्हाला उज्जैनच्या रस्त्यावर मिळेल.

प्रश्न : माझी २०२१ ची बीएस-६, फ्युएल इंजेक्शनची मोटरसायकल आहे. दर सर्व्हिसिंगला थ्रॉटल बॉडीतून (इंजिनात हवा सोडणाऱ्या भागातून) स्प्रे मारून व्हॉल्व्ह साफ करायचा आग्रह होतो आणि त्याचं वेगळं बिल लागतं. गाडीला काही त्रास नाही. हे गरजेचं आहे का?
— एक वाचक, विजय नगर, इंदूर

उत्तर : नाही, ताई. नवीन प्रकारच्या काही कारमध्ये पेट्रोल थेट सिलिंडरमध्ये उडवतात, तिथे इनटेक व्हॉल्व्ह पेट्रोलने धुतलाच जात नाही आणि थर खरंच चढतो. तिथला सल्ला दुचाकीला चिकटवला जातो. आपल्याकडच्या मोटरसायकलींत इंजेक्टर पोर्टमध्ये, व्हॉल्व्हच्या पाठीवर फवारतो. चालवता चालवता तो धुतला जातो.

शिवाय चालत्या इंजिनात स्प्रे मारण्यात जोखीम आहे. द्रव कुठे साचून एकदम आत गेलं तर पिस्टन त्याला दाबू शकत नाही, आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. न जळलेलं सॉल्व्हंट आणि सुटलेले तुकडे ऑक्सिजन सेन्सर आणि कॅटॅलिटिक कन्व्हर्टरवर जातात. कन्व्हर्टर गेला तर तुमच्या सगळ्या सर्व्हिसिंगच्या बिलांवर पाणी पडेल. एअर फिल्टर आणि प्लग वेळेवर बदला. स्लोला इंजिन डगमगायला लागलं तर इंजिन बंद ठेवून थ्रॉटल बॉडी त्याच कामाच्या क्लीनरने ओल्या केलेल्या फडक्याने पुसून घ्या. डॅशवर इंजिनचा दिवा लागला असेल तर साफसफाईच्या आधी स्कॅनर लावून कोड वाचायला सांगा. बिलात स्प्रेची ओळ दिसली की काम सुरू व्हायच्या आधीच काट मारायला सांगा, तो तुमचा हक्क आहे.

प्रश्न : वडिलांची जुनी, कास्ट आयर्न इंजिनची बुलेट आहे. रेस सोडली की फटफटते, चढावर टकटक करते. ओळखीचे एक गृहस्थ सांगतात, इंजिन गरम करून कार्बोरेटरमधून थोडं थोडं पाणी सोडा, वाफेने कार्बन उडून जातो. करून बघू का?
— एक वाचक, लष्कर, ग्वाल्हेर

उत्तर : कृपा करून करू नका. वाफेने कार्बन सुटतो हे खरं आहे, पण थेंब आणि घोट यांतला फरक हाताने सांभाळता येत नाही, आणि एका घोटाने रॉड वाकतो. या गाडीच्या काळी पेट्रोलमध्ये शिसं असायचं. देशभर शिसंविरहित पेट्रोल १ फेब्रुवारी २००० पासून आलं. शिशाचे क्षार आणि त्या वेळचं ऑइल यांमुळे ठराविक किलोमीटरनंतर हेड उतरवून कार्बन काढणं हे नेहमीचंच काम होतं, आणि या इंजिनाची रचनाही त्या सोयीची आहे. फटफट बहुतेक सायलेन्सरच्या सांध्यातून हवा ओढली जाण्याची असेल, ती आधी बघा. टकटक टायमिंग पुढे असण्याने, म्हणजे प्लगची ठिणगी लवकर पडण्यानेही होते, तेही तपासा.

दोन्ही ठीक असतील तर तुमच्या बाबतीत मी हेड उतरवायलाच सांगेन. ते काम घरच्या हत्यारांत बसतं आणि व्हॉल्व्हची सीट डोळ्यांनी बघता येते. इंजिन कास्ट आयर्नचं म्हणत असले तरी हेड ॲल्युमिनियमचं असतं, ते लोखंडी पट्टीने खरवडू नका, बांबूची धारदार पट्टी घ्या. पिस्टनच्या माथ्यावर कडेला जे बारीक काळं कडं असतं ते तसंच ठेवायचं, जुने मेस्त्री ते मुद्दाम ठेवायचे, त्याने ऑइल वर येणं रोखलं जातं. पुशरॉड (व्हॉल्व्ह उघडायला ढकलणारे लांब दांडे) ज्या जागेवरचे त्याच जागी परत गेले पाहिजेत, तेव्हा काढतानाच खूण करा.