पगार १५ हजार, सिबिल ५७०. स्कोअर सुधारण्यासाठी कोणतं क्रेडिट कार्ड घ्यावं?

तुम्ही लिहिलंय की मोबाईलच्या हप्त्यांचं कर्ज थकलं, मग ते 'सेटल' केलं, आता सिबिल स्कोअर, म्हणजे कर्जफेडीच्या सवयीवरून ठरणारा पतीचा आकडा, ५७० आहे आणि दोन बँकांनी कार्डाचा अर्ज नाकारला. तिसरीकडे अर्ज टाकू नका, आधी हे वाचा. प्रत्येक अर्जाची चौकशी तुमच्या क्रेडिट रिपोर्टात, म्हणजे कर्जांच्या नोंदवहीत, नोंदली जाते आणि लागोपाठ अर्ज दिसले की पुढची बँक आणखी बिचकते.

मी याच वाटेने गेलेय. २०२०च्या मार्चमध्ये मी सांगलीत एका केटररकडे हिशेब लिहायचे. लग्नसराई बुडाली, पगार थांबला, स्कूटीचे हप्ते राहिले. मोरॅटोरियम, म्हणजे कोविडमुळे हप्ते पुढे ढकलण्याची सवलत, ऑगस्टअखेर संपला तरी आमची कामं सुरू झाली नव्हती. पुढच्या वर्षी फायनान्स कंपनीचा माणूस म्हणाला, "ताई, १८ हजार निघतात, ११ भरा, विषय संपला." मी भरले, पेढे वाटायचेच काय ते बाकी ठेवले. दोन वर्षांनी फ्रिजसाठी कर्ज मागितलं तेव्हा कळलं की रिपोर्टात 'सेटल्ड' लिहिलंय. बँकेच्या लेखी त्याचा अर्थ एवढाच, की या बाईने पूर्ण पैसे दिले नाहीत.

म्हणून कार्डाआधी रिपोर्ट काढा. सिबिल, एक्सपीरियन, इक्विफॅक्स आणि क्रिफ हाय मार्क या कर्जांच्या नोंदी ठेवणाऱ्या चारही कंपन्यांनी वर्षातून एकदा पूर्ण रिपोर्ट फुकट द्यायचा असा रिझर्व्ह बँकेचा नियम आहे. त्यात तुमचं नसलेलं काही दिसलं तर तक्रार नोंदवा, तीही फुकट होते. ३० दिवसांत निपटारा झाला नाही तर पुढे दिवसाला १०० रुपये भरपाई मिळते. 'सिबिल क्लीन करून देतो' अशा पाट्या लावणाऱ्यांना एक पैसा देऊ नका. खरी नोंद कुणालाच पुसता येत नाही.

'सेटल्ड'वर मात्र उपाय आहे. कंपनीला लेखी विचारा, की सोडलेली रक्कम भरली तर खातं 'क्लोज्ड' करून नो ड्यूज, म्हणजे काही बाकी नाही असं, पत्र द्याल का. मी राहिलेले ७ हजार दोन वेळा करून भरले. पत्र हातात येईपर्यंत तीन चकरा झाल्या, पण शेरा बदलला. थकलेल्या महिन्यांच्या खुणा तशाच राहतात, त्या हळूहळू जुन्या होतात.

आता कार्ड. तुमच्या-माझ्यासारख्यांना जमण्यासारखा प्रकार म्हणजे एफडीवरचं कार्ड. बँकेत ठेव ठेवायची आणि तिच्या साधारण ८० ते ९० टक्के लिमिटचं कार्ड घ्यायचं. तारण बँकेच्या हातात असतं, म्हणून पगार आणि स्कोअर यांवर फारसं अडत नाही. स्टेट बँक, ॲक्सिस, कोटक, आयडीएफसी फर्स्ट अशा बऱ्याच ठिकाणी ही सोय असते. ठेवीची किमान रक्कम आणि फी प्रत्येकाची वेगळी, आणि ती बदलत राहते. बँकेत विचारताना दोनच गोष्टी पक्क्या करा: वार्षिक फी शून्य आहे का, आणि कार्ड बंद केल्यावर ठेव किती दिवसांत मोकळी होते. रिवॉर्ड पॉइंट, लाउंज वगैरे सोडून द्या, आपण काय रोज विमानतळावर जात नाही.

ठेवीचे पैसे कुठून आणायचे? माझी भिशी लागली तेव्हा त्यातले २० हजार मी ठेवले, लिमिट मिळालं १८ हजार. गंमत म्हणजे भिशीत मी आजवर एकही हप्ता चुकवलेला नाही, पतसंस्थेची पिग्मीही वर्षानुवर्षं चालू आहे. पण रिपोर्टात यातलं काहीच नव्हतं. आपली पत गल्लीत कितीही असली तरी सिबिलला भिशी कळत नाही.

कार्डावर मी फक्त गॅस सिलिंडर आणि मोबाईलचा रिचार्ज ठेवला, महिन्याला दीड हजाराच्या आत. लिमिटच्या ३० टक्क्यांच्या वर जाऊ नये म्हणतात, मी दहाच्याही खाली राहिले. पूर्ण बिल पगाराच्या दुसऱ्या दिवशी आपोआप कापलं जाईल असं लावून दिलं.

एकदा चुकले, तेही सांगते. माझं कार्ड रुपेचं, म्हणजे यूपीआयला जोडता येतं. दिवाळीत दुकानोदुकानी स्कॅन करत गेले आणि बिल आलं ९,४०० रुपये. ऑटोपे थांबवून 'किमान देय' म्हणून लिहिलेले ४७० भरले, वाटलं सवलत मिळाली. माझ्या कार्डाचं व्याज महिन्याला साडेतीन टक्के, म्हणजे वर्षाला ४२, आणि ते खरेदीच्या दिवसापासून लागतं. पुढच्या बिलात पाचशेच्या आसपास व्याज, त्यावर १८ टक्के जीएसटी. त्या दिवशी यूपीआयमधून कार्ड काढून टाकलं. एटीएममधून तर या कार्डाने पैसे कधीच काढू नका, तिथे पहिल्या दिवसापासून व्याज आणि वर वेगळी फी.

माझा स्कोअर ५९१ वरून ७२८ ला यायला दीड वर्ष लागलं. पहिले चार-पाच महिने काहीच हलत नव्हतं, मी उगाच दर आठवड्याला बघायचे.

तुम्ही शेवटी विचारलंय की ॲपवाल्यांचे 'लगेच ५० हजार लिमिट' असे मेसेज येतात, घेऊ का. नको. त्यातली बरीचशी कार्डं नसतात, कर्जं असतात, आणि एक हप्ता चुकला की तुम्ही परत ५७० वर.