आंतरराष्ट्रीय ऊर्जा करारातला वाद लवादाकडे नेणं कोर्टापेक्षा खरंच जलद आणि स्वस्त असतं का? करारात कुठली संस्था आणि कुठली सीट (म्हणजे कायद्याच्या दृष्टीने लवादाचं ठिकाण) लिहावी?

तुम्ही गॅस कंपनीच्या करार विभागात नव्याने रुजू झाला आहात आणि पुढच्या करारात लवादाचं कलम लिहायचं काम तुमच्याकडे आलंय, असं प्रश्नात म्हटलंय. 'जलद आणि स्वस्त' वाचलं आणि राहवलं नाही. मी वकील नाही. तेल आणि गॅसच्या प्रकल्पांवर प्लॅनिंग इंजिनियर म्हणून काम करत आले आणि एका मोठ्या लवादात कंत्राटदाराच्या बाजूने साक्ष दिली आहे. त्या साक्षीबद्दल मला आजही अभिमान आहे, आणि एका माणसाशी त्यावरून झालेला वाद आजही मिटलेला नाही.

आधी स्वस्ताईचं बोलू. कोर्टात न्यायाधीशाचा पगार सरकार देतं. लवादात निवाडा देणाऱ्या तिन्ही लवादांची फी पक्षकारांच्या खिशातून जाते, संस्थेची फी वेगळी, सभागृहाचं भाडं वेगळं, दोन्ही बाजूंचे वकील, विलंब मोजणारे तज्ज्ञ, नुकसान मोजणारे तज्ज्ञ. हे स्वस्त आहे असं सांगणाऱ्याने एकही बिल पाहिलेलं नसतं. आणि जलद म्हणाल, तर कोनोकोफिलिप्स या अमेरिकी तेल कंपनीने व्हेनेझुएलाविरुद्ध वॉशिंग्टनच्या आयसीएसआयडीकडे, म्हणजे जागतिक बँकेच्या गुंतवणूक-वाद केंद्राकडे, २००७ साली दावा दाखल केला आणि सुमारे ८.७ अब्ज डॉलरचा निवाडा २०१९ साली हाती आला. बारा वर्षं!

तरीही लवादच लिहा. एक कारण तर उघड आहे: समोर एखाद्या देशाची सरकारी कंपनी असेल तर त्याच देशाच्या कोर्टात तिच्याविरुद्ध उभं राहायची कोणाचीच इच्छा नसते. दुसरं कारण त्याहून मोठं, ते म्हणजे १९५८ चा न्यूयॉर्क करार. १७० हून जास्त देश त्यात आहेत. एका देशात दिलेला लवादाचा निवाडा घेऊन दुसऱ्या देशातल्या मालमत्तेवर जप्ती आणता येते. एका देशाच्या कोर्टाचा हुकूमनामा दुसऱ्या देशात इतक्या सहज चालत नाही. त्याच कोनोकोफिलिप्सला एप्रिल २०१८ मध्ये आयसीसीच्या (पॅरिसच्या इंटरनॅशनल चेंबर ऑफ कॉमर्सच्या) वेगळ्या लवादात व्हेनेझुएलाच्या सरकारी तेल कंपनीविरुद्ध सुमारे दोन अब्ज डॉलरचा निवाडा मिळाला. मे महिन्यात त्यांनी कॅरिबियन बेटांवरच्या तिच्या तेलसाठ्यांवर आणि टर्मिनलांवर जप्ती आणली आणि ऑगस्टमध्ये समझोता झाला. पूर्वलक्षी कराच्या वादात भारत सरकारविरुद्ध केर्न या ब्रिटिश तेल कंपनीला डिसेंबर २०२० मध्ये १.२ अब्ज डॉलरचा निवाडा मिळाला. जुलै २०२१ मध्ये पॅरिसमधल्या भारत सरकारच्या मालमत्ता गोठवल्याची बातमी आली आणि ऑगस्टमध्ये संसदेने पूर्वलक्षी कराची ती तरतूद मागे घेतली. निवाड्याचं वजन कागदावर कळत नाही, जप्तीच्या वेळी कळतं.

इतकं बोलून थांबता आलं असतं. पण तुमच्या प्रश्नाचा सगळा रोख संस्था कुठली आणि सीट कुठली यावर आहे, आणि माझं ठाम मत आहे की निकाल तिथे लागत नाही. तो साइटवर लागतो, वकील नेमायच्या कितीतरी आधी.

आमचं काम होतं गॅस कॉम्प्रेसर स्टेशन उभारून, चालवून दाखवून ताब्यात देण्याचं. मालक म्हणजे एका देशाची सरकारी गॅस कंपनी. लवाद गोपनीय होता, त्यामुळे देश, कंपनी आणि रक्कम सांगणार नाही. करार फिडिकच्या, म्हणजे सल्लागार अभियंत्यांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या नमुना कराराच्या धर्तीचा. विलंबाचं कारण कळल्यापासून २८ दिवसांत नोटीस दिली नाही तर मुदतवाढही नाही आणि पैसेही नाहीत, असं त्यात स्वच्छ लिहिलेलं.

पहिला विलंब झाला जागेचा. पाइपलाइन जोडायची होती त्या पट्ट्याचा ताबा मालकाने फार उशिरा दिला. मी नोटिशीचा मसुदा तयार करून आमच्या कमर्शियल हेडकडे पाठवला. ते म्हणाले, "मॅडम, हे सरकारी लोक आहेत. पत्र गेलं की संबंध बिघडतात. मी बोलून घेतो." ते खरोखर बोलले. चहा झाला, आश्वासनं मिळाली, बैठकीचं इतिवृत्त कोणी लिहिलं नाही. मी पुन्हा आठवण केली तेव्हा "तुम्हाला धंदा कळत नाही" असं ऐकून घ्यावं लागलं. नोटीस मसुद्यातच राहिली आणि मुदत उलटली.

दुसरा विलंब चाचणीच्या वेळचा. कॉम्प्रेसर चालवून दाखवायचा तर मालकाने ठरलेल्या दाबाने गॅस द्यायला हवा, आणि गॅस येत होता कमी दाबाने. या वेळी मी कमर्शियल हेडकडे गेलेच नाही. थेट प्रोजेक्ट मॅनेजरसमोर कराराचं पान उघडून ठेवलं. त्यांनी वाचलं, सही केली, नोटीस मुदतीत गेली. शिवाय मी आणखी एक गोष्ट केली. बॅटरी लिमिटवरच्या (मालकाची पाइपलाइन संपून आमचं स्टेशन सुरू होतं त्या हद्दीवरच्या) गेजचं रीडिंग आमचा टेक्निशियन रोज सकाळी स्वतःच्या वहीत लिहायचा. ते रीडिंग मी डेली रिपोर्टमध्ये आणलं आणि त्याच्या शेजारी मालकाच्या शिफ्ट ऑपरेटरच्या सहीसाठी एक चौकट आखली. ऑपरेटर विनातक्रार सही करायचे. आकडा खरा होता, गेज त्यांचंच होतं, मग नाही कशाला म्हणतील?

सुनावणी झाली तोवर काही वर्षं लोटली होती. ज्यांनी अशी सुनावणी पाहिली नाही त्यांना वाटतं की साक्षीदाराला आपली बाजू सांगायची संधी मिळते. तसं काही नसतं. जबाब आधीच लेखी दिलेला असतो. तुम्ही खुर्चीत बसता आणि उलटतपासणी सुरू होते. प्रत्येक बाजूला ठरावीक तास दिलेले असतात, घड्याळ लावून मोजलेले. तुम्ही बोललेला प्रत्येक शब्द त्याच क्षणी समोरच्या पडद्यावर टाइप होऊन उमटतो. अडखळलात तर तेही दिसतं. माझी तपासणी पहिल्या दिवशी संपली नाही, आणि ती अर्धवट असताना साक्षीबद्दल कोणाशीही बोलायचं नाही हा नियम. आमची सगळी टीम त्याच हॉटेलात होती आणि मी खोलीत एकटी जेवले.

दुसऱ्या दिवशी विरुद्ध बाजूच्या वकिलांनी एक डेली रिपोर्ट उघडायला लावला. त्यात लिहिलं होतं की त्या दिवशी मचाण बांधायला मोठी टोळी लागली होती. म्हणजे गॅस असता तरी तुमचं स्वतःचंच काम बाकी होतं, खरं ना? ऊर्जा प्रकल्पांच्या वादात हा नेहमीचा डाव असतो: उशीर दोघांमुळे झाला असं दाखवायचं आणि पैशाची मागणी उडवायची. मी म्हटलं, ते मचाण इन्सुलेशनसाठी होतं आणि इन्सुलेशनसाठी चाचणी थांबलेली नव्हती, त्या महिन्याचं शेड्यूल अपडेट उघडा. ते उघडलं गेलं. तेवढ्यात लवादाचे अध्यक्ष, जे तोपर्यंत फारसे बोललेच नव्हते, त्यांनी रिपोर्टच्या खालच्या कोपऱ्याकडे बोट दाखवून विचारलं, "ही सही कोणाची?"

"मालकाच्या शिफ्ट ऑपरेटरची."

"रोज असायची?"

"रोज."

त्यानंतर वकिलांनी गॅसच्या दाबावर एकही प्रश्न विचारला नाही. त्यांच्या कागदपत्रांच्या बंडलमधले पुढचे टॅब न उघडता तसेच राहिले.

निवाडा आला. चाचणीच्या विलंबाची मुदतवाढ मिळाली, मालकाने कापलेला दंड रद्द झाला, काम लांबल्याने साइटवर जास्त थांबावं लागल्याचा खर्च जवळपास पूर्ण मंजूर झाला. जागेच्या मागणीच्या वाट्याला जेमतेम एक परिच्छेद आला: मुदतीत नोटीस दिल्याचा पुरावा नाही, मागणी फेटाळली. ताबा उशिरा दिल्याचं मालकानेही नाकारलं नव्हतं. तरीही फेटाळली.

आमचे कमर्शियल हेड आजही चारचौघांत सांगतात की वकील तगडे होते म्हणून जिंकलो. वकील तगडे होतेच. पण त्याच वकिलांनी, त्याच लवादांसमोर, जागेचा मुद्दाही तितक्याच ताकदीने मांडला होता. मग तो का पडला? फरक फक्त एका पत्राचा होता. आणि संबंध बिघडण्याचं म्हणाल, तर मालकाच्या प्रकल्प अधिकाऱ्याने मला काम चालू असतानाच सांगितलं होतं: "तुमच्या पत्राशिवाय मी मंत्रालयाकडे जादा पैसे मागू कसे?" सरकारी कंपनीतल्या अधिकाऱ्याला नोटिशीचा राग येत नाही, त्याला ती फाइलला लावायला हवी असते. तोंडी आश्वासन त्याच्या काहीही कामाचं नसतं. हे मी तेव्हाही सांगितलं होतं.

कागद जपणारं कोणी नसलं की काय होतं, याचं जगजाहीर उदाहरण नायजेरियाचं आहे. पी अँड आयडी नावाच्या कंपनीने २०१० साली तिथल्या सरकारशी गॅसप्रक्रिया प्रकल्पाचा करार केला. प्रकल्प उभाच राहिला नाही. तरी २० वर्षांच्या बुडालेल्या नफ्यापोटी २०१७ साली लंडनमधल्या लवादाने ६.६ अब्ज डॉलर आणि त्यावर सात टक्के व्याज देण्याचा निवाडा दिला. रक्कम पुढे ११ अब्जांवर गेली. ऑक्टोबर २०२३ मध्ये इंग्लंडच्या हायकोर्टाचे न्यायमूर्ती रॉबिन नोल्स यांनी लाचखोरीचा आणि नायजेरियाची गोपनीय कायदेशीर कागदपत्रं परस्पर मिळवल्याचा ठपका ठेवून तो निवाडा फसवणुकीने मिळवलेला ठरवला. नायजेरियाची बाजू लवादासमोर किती दुबळी मांडली गेली, यावरही त्यांनी काळजी व्यक्त केली. लवादासमोर जे ठेवलं जातं तेवढंच तो पाहतो. फाइल सांभाळणारा माणूस नसेल तर कितीही मोठ्या नावांचा लवाद असून उपयोग नाही.

आता सीटचं. लंडन, पॅरिस, जिनिव्हा, स्टॉकहोम, सिंगापूर यांपैकी जिथे समोरचा तयार होईल ती घ्या आणि त्यावर महिने घालवू नका. संस्थेचंही तेच: आयसीसी, लंडनची एलसीआयए, सिंगापूरची एसआयएसी, सगळ्यांचे नियम चालणारे आहेत. मात्र सीट आणि सुनावणीची जागा एक समजू नका. सुनावणी कुठेही होऊ शकते, पण निवाडा रद्द करायचा अधिकार सीटच्या देशातल्या कोर्टाला. युकोस या रशियन तेल कंपनीच्या भागधारकांना रशियाविरुद्ध २०१४ साली हेगमध्ये ५० अब्ज डॉलरचा निवाडा मिळाला, २०१६ साली तिथल्याच जिल्हा कोर्टाने तो रद्द केला आणि २०२० साली अपील कोर्टाने पुन्हा जिवंत केला. त्यामुळे सीटच्या देशाची कोर्टं लवादात कितपत हात घालतात एवढं जरूर पाहा.

निकालाचा अंदाज बांधता येईल अशीही अपेक्षा ठेवू नका. एका निर्यात टर्मिनलचा एलएनजी (द्रवरूप नैसर्गिक वायू) करारातल्या ग्राहकांना न देता चढ्या भावाने बाहेर विकल्यावरून शेल आणि बीपी या दोन ग्राहक कंपन्यांनी व्हेंचर ग्लोबल या अमेरिकी विक्रेत्या कंपनीला लवादात खेचलं. २०२५ साली शेल हरली आणि काही आठवड्यांतच बीपी जिंकली. एका लवादाचा निवाडा दुसऱ्यावर बंधनकारक नसतो, आणि निवाडा चुकला एवढ्या कारणावर अपील बहुतेक ठिकाणी नसतंच.

दीर्घ मुदतीच्या गॅस करारातला भाव-फेरविचार हे वेगळं प्रकरण आहे. तिथे दोघांना पुढे कितीतरी वर्षं एकमेकांशी व्यवहार करायचा असतो, म्हणून कलमात आधी वाटाघाटींसाठी ठरावीक मुदत ठेवा. मीटरचं मोजमाप, गॅसची प्रत असले निव्वळ तांत्रिक वाद तज्ज्ञाच्या निर्णयावर सोडा, त्यासाठी तीन लवाद बसवू नका. युरोपीय संघातला देश युरोपीय गुंतवणूकदारासमोर असेल तर देशादेशांमधल्या गुंतवणूक-संरक्षण करारावर विसंबू नका, युरोपीय संघाच्या न्यायालयाच्या २०१८ च्या आखमिया आणि २०२१ च्या कोमस्ट्रॉय निकालांनंतर ती वाट फार अवघड झाली आहे.

नोटिशीच्या मुदतीबद्दल मी जे सांगितलं ते सगळीकडे तितकंच कडक लागू होतं असंही नाही. इंग्लिश कायद्याखाली अशी मुदत बहुधा शब्दशः पाळायला लावतात, काही देशांच्या नागरी संहितांत सद्भावनेच्या तत्त्वावर थोडी ढील मिळू शकते. तुमच्या कराराला कुठला कायदा लागू आहे ते वकिलाकडून तपासून घ्या. पण त्या ढिलेवर भिस्त ठेवून पत्र रोखू नका. कलम लिहाल तेव्हा त्याच करारात नोटीस कोणी, कोणाला, कुठल्या पत्त्यावर द्यायची ते लिहा. मग कंपनीत एका माणसाला नेमा, ज्याला नोटीस पाठवायला कमर्शियल विभागाची परवानगी लागणार नाही, आणि डेली रिपोर्टमध्ये समोरच्याच्या सहीची चौकट पहिल्या दिवसापासून ठेवा.