शेजारच्या ड्रमबद्दल बोलावं की गप्प राहावं?

ताई, तुम्ही एकात दोन प्रश्न विचारलेत: खताच्या ड्रमचा वास कसा घालवायचा, आणि ते शेजारणीला सांगावं की नाही. जळगावात तुमच्या शेजारच्या वहिनींनी गच्चीवर ओल्या कचऱ्याच्या खतासाठी ड्रम ठेवला. आखाजीनंतर, म्हणजे अक्षय्य तृतीयेनंतर, त्याला वास यायला लागला. तुम्ही म्हणालात पाला टाका, त्यांचे सासरे म्हणाले पाणी शिंपडा, आणि वहिनी दोघांवरही रुसल्या. यावर आपल्या ओळखीच्या धुळ्याच्या दादांचं मत असं की मागितल्याशिवाय सल्ला देऊच नये. दादांशी माझा या विषयावर जुना वाद आहे, त्यावर येतेच. आधी ड्रम बघू.

तुमचं आणि सासऱ्यांचं, दोघांचंही बरोबर आहे. आपल्याकडे वैशाखात पारा 45 अंशांच्या आसपास जातो आणि कोरडा वारा दिवसभर भाजत असतो. ड्रमचा वरचा थर दुपारपर्यंत पार वाळून जातो, म्हणून वरून बघणाऱ्याला वाटतं पाणी हवं. खाली मात्र आमरसाच्या साली, टरबुजाची सालं, केळीची सालं. टरबुजात नव्वद टक्क्यांहून जास्त पाणीच असतं. ते झिरपून तळाशी साचतं, आणि ड्रमला खाली भोकं नसतील तर तिथली हवा संपते. मग हवेशिवाय जगणारे जीवाणू कामाला लागतात. सडक्या अंड्यासारखा वास येतो तो त्यांच्यामुळे. वर कोरडं आणि खाली चिखल असा ड्रम असला की बघणारे दोघं कायम भांडणार.

म्हणून वरून बघून काही ठरवायचं नाही. हात कोपरापर्यंत खाली घालायचा, मूठभर माल काढायचा आणि घट्ट दाबायचा. बोटांच्या फटीतून एखाद-दोन थेंब आले तर ओल बेताची आहे, साधारण पन्नास ते साठ टक्के. धार लागली तर कोरडं कमी पडतंय. मूठ उघडल्यावर माल भुरभुर सांडला तरच पाणी.

तुमच्या वर्णनावरून तिथे धार लागणार. ड्रमच्या तळाला आणि बाजूंना भोकं पाडावी लागतील. सगळा माल एकदा गोणपाटावर काढून तळाला पऱ्हाट्यांचे, म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्यांचे, बोटभर तुकडे अंथरायचे, म्हणजे खालून हवा खेळते. पऱ्हाट्या लवकर कुजत नाहीत, इथे तोच त्यांचा उपयोग. मग माल परत भरताना प्रत्येक ओल्या थरावर त्याच्या दीडपट-दुप्पट वाळका पाला. कर्ब आणि नत्राचं प्रमाण पंचवीस-तीसला एक असावं असं पुस्तकात असतं, पण घरी ते कोण मोजतंय? ओलं दिसेनासं होईपर्यंत पाला टाकायचा. कडुनिंबाचा पाला चालतो, त्याने खत बिघडतं ही नुसती भीती आहे. शेंगांची टरफलं चालतात, केळीची वाळलेली पानं तर उत्तम, आणि यावल-रावेरकडे कुणी ओळखीचं असेल तर ती पोत्याने मिळतात. आंब्याच्या कोयी मात्र वेगळ्या काढा, त्या कुजायला फार वेळ घेतात. वरून ओलं गोणपाट टाकलं की सासऱ्यांचं म्हणणंही राहतं, कारण वरच्या थराला ओल खरंच हवी आहे.

कुणीतरी त्यांना गांडुळं सोडायला सांगितलंय, तेवढं मात्र आत्ता होऊ देऊ नका. पस्तीस अंशांच्या वर गांडुळांचे हाल होतात, आणि गच्चीवरच्या ड्रममध्ये या दिवसांत ती मरतील. आंबट ताकाचंही तेच. एरवी थोडं ताक घातल्याने बिघडत नाही, पण चिखलात आणखी पाणी कशाला? जुन्या खताची ओंजळभर माती विरजणासारखी पुरते.

आता बोलण्याचं. दादा म्हणतात ते मला अर्धंच पटतं. वास तुमच्या खिडकीत येत असेल तर ती तुमची अडचण आहे, आणि अडचण सांगायला कुणी विचारण्याची वाट बघायची नसते. पण मग ती अडचण म्हणूनच सांगा: "वहिनी, संध्याकाळी वास येतो हो आमच्याकडे." तुम्ही तिला सल्ल्याचं रूप दिलंत. "पाला टाका" यात वहिनींना ऐकू आलं की यांना येतं आणि मला येत नाही. न मागता दिलेले कितीतरी सल्ले मुळात तक्रारी असतात, आणि समोरच्याला ते लगेच कळतं.

वास तुमच्याकडे येत नसेल, नुसतं त्यांचं चुकतंय एवढंच दिसत असेल, तर थांबा. कचरा कुजायचा राहत नाही. दोन-तीन महिन्यांचं काम चार-पाच महिन्यांवर जाईल, एवढंच. अळ्या दिसल्या तरी घाबरवू नका. मोठ्या, चपट्या, मळकट रंगाच्या असतील तर त्या बहुधा ब्लॅक सोल्जर फ्लाय नावाच्या माशीच्या असतात आणि कचरा झपाट्याने संपवतात. त्यांची पूर्ण वाढलेली माशी आपल्या अन्नावर घोंगावत नाही.

एका बाबतीत मात्र दादांचं मी अजिबात ऐकणार नाही. कुत्र्या-मांजरांची विष्ठा, औषधं किंवा डायपर ड्रममध्ये जात असतील आणि ते खत मेथी-कोथिंबिरीला पडणार असेल, तर वाईटपणा घेऊन सांगायचंच. तिथे गप्प बसण्याला मी आदर म्हणणार नाही.

आमच्या भुसावळात शेजारी एक नाना आहेत. त्यांच्या परसात खताचं विटांचं नाडेप टाकं आहे, पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांच्या पद्धतीचं, दहा बाय सहा बाय तीन फुटांचं. ते भरून, लिंपून बंद केलं की नाना त्याला हात लावत नाहीत. समोरच्या घरातली सून मडक्यांत खत करते आणि दर आठवड्याला ढवळते. नाना म्हणतात, कशाला छेडतेस. ती म्हणते, नाना, हवा नको का त्याला? टाक्याच्या भिंतींत विटांमध्ये फटी ठेवलेल्या असतात, हवा तिथूनच जाते. तिच्या मडक्यांना तशा फटी नाहीत, म्हणून तिला ढवळावंच लागतं. दोघांचंही खत उत्तम होतं, वादही चालूच आहे, आणि नानांकडचं चाळलेलं खत तिच्या गुलाबाला जातं. त्यांचं जमतं, कारण दोघंही एकमेकांचा माल हातात घेऊन बघतात, मग बोलतात.

तेव्हा तुम्ही वहिनींकडे वाळक्या पाल्याचं पोतं घेऊन जा. "आमच्याकडे जास्त झालाय, तुम्हाला चालेल का?" एवढंच विचारा. त्या स्वतःहून झाकण उघडून दाखवतील तेव्हा मुठीचं सांगा, आणि मूठ त्यांनाच दाबू द्या. भोकं पाडायची असतील तर सासऱ्यांना सोबत घ्या, त्यांचाही मान राहील.

मृगाच्या आधी हे उरकायला हवं, कारण पाऊस लागला की पाला भिजतो आणि कोरडं मिळत नाही. दोन-तीन पोती आत्ताच आडोशाला भरून ठेवा. पाला मिसळल्यावर आठवड्याने वास कसा येतो ते मला कळवा. सडक्या अंड्याचा असेल तर तळ अजून तुंबलेला आहे. नाकात झोंबणारा असेल तर तो अमोनिया, म्हणजे हवा मिळतेय पण हिरवं, म्हणजे ओला कचरा, जास्त झालंय. त्याला पुन्हा पाला टाकून एकदा खालीवर केलं की पुरे.