तारा ओवायला म्युनिकला जावं का? इचलकरंजीच्या मित्राला उत्तर

तू विचारलंस, "ताई, म्युनिकला पीएचडीची जागा मिळतेय, पण काम ड्रिफ्ट ट्यूब बांधायचं आणि तपासायचं आहे. तारा ओवण्यातच वर्षं गेली तर पुढे मला फिजिसिस्ट कोण म्हणणार?" आणि वडिलांचं म्हणणंही लिहिलंस की, ताराच ओढायच्या तर घरचे माग काय वाईट आहेत. तेव्हा हे उत्तर त्यांनाही वाचून दाखव. सुताचा ताण ज्यांच्या बोटांना कळतो त्यांना यातलं बरंच काही तुझ्याआधी समजेल.

माझं मत आधीच सांगते : ये. मी याच कामासाठी आले आणि सर्नच्या, म्हणजे जिनिव्हाजवळच्या कणभौतिकी प्रयोगशाळेच्या, अ‍ॅटलस डिटेक्टरसाठी म्युऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ म्हणावा असा कण) टिपणाऱ्या चेंबरवर चार वर्षं काम केलं. ड्रिफ्ट ट्यूब म्हणजे या चेंबरमधली एकेक नळी. ही बारीक नळ्यांची चेंबर म्युनिकमध्ये आणि अमेरिकेत मिशिगनमध्ये बांधली गेली.

एक नळी डोळ्यांसमोर आण. १५ मिलिमीटर व्यास, ०.४ मिलिमीटर जाडीचं अ‍ॅल्युमिनियम, लांबी साधारण १.६ मीटर. मधोमध सोन्याचा मुलामा दिलेली टंगस्टनची तार, जाडी ५० मायक्रॉन, म्हणजे केसापेक्षा बारीक. आत ९३ टक्के आर्गॉन आणि ७ टक्के कार्बन डायऑक्साइड, ३ बार दाबाखाली. तारेवर २७३० व्होल्ट. म्युऑन नळीतून गेला की वायूतले इलेक्ट्रॉन सुटतात आणि तारेकडे सरकू लागतात. तारेपाशी पोचताच त्यांची संख्या सुमारे वीस हजार पट होते, तेव्हा कुठे मोजता येईल असा सिग्नल मिळतो. सरकायला किती वेळ लागला त्यावरून म्युऑन तारेपासून किती अंतरावरून गेला ते काढायचं. हे अंतर मिलिमीटरच्या दहाव्या भागापर्यंत अचूक हवं, म्हणून तार नेमकी कुठे आहे हे आपल्याला त्याहून कितीतरी बारकाईने माहीत असावं लागतं. अचूकता येते ती इथून, बांधणाऱ्याच्या टेबलावरून. संगणक नंतर येतो.

ओवण्याबद्दल तुझा एक गैरसमज आहे. तारेला हात लावायचाच नाही. हवेच्या झोताने ती नळीतून पलीकडे जाते. मग तिला नेमून दिलेल्यापेक्षा थोडा वेळ जास्त ताणायचं, ३५० ग्रॅमवर आणायचं आणि टोकाच्या तांब्याच्या बारीक नळीत दाबून पक्की करायची. त्वचेचं तेल नको, धूळ नको, आणि सिलिकॉन तर अजिबात नको. हँडक्रीममधलं सिलिकॉन वायूत मिसळलं तर वर्षानुवर्षं तारेवर थर साचत जातो आणि नळी निकामी होते. इथली थंडी कोरडी आहे, हात फुटतात, तरी कामाच्या दिवशी क्रीम लावायचं नाही हे मी पहिल्या आठवड्यात शिकले.

आणि वडिलांना सांग, मागावर धागा तुटला तर गाठ मारता येते. इथे गाठ नाही. ती नळी बाजूला ठेवायची आणि नवी घ्यायची.

तपासणीत मन लावलंस तर खरं फिजिक्स तिथेच भेटेल. बी.एस्सी.ला सोनोमीटरवर, म्हणजे ताणलेल्या तारेची कंपनं मोजायच्या साधनावर, मेन्सची वारंवारिता काढली होतीस ना, तारेतून एसी सोडून आणि मध्ये चुंबक ठेवून? ताण मोजायची पद्धत अगदी तीच : तार किती वारंवारितेने थरथरते त्यावरून ताण काढायचा. आमच्या तारेला ३५० ग्रॅमला साधारण ९४ हर्ट्‌झ यायला हवेत. एकदा एका गठ्ठ्यात ओळीने ८८ च्या आसपास आकडे आले. सहा हर्ट्‌झ म्हणजे काय मोठं, असं मला वाटलं. पण ताण वारंवारितेच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, त्यामुळे चाळीस ग्रॅमहून जास्त ताण गेला होता. दाबण्याच्या यंत्राचा जबडा झिजलेला निघाला आणि तारा हळूहळू घसरत होत्या. ते मी स्वतः शोधलं, आणि प्रबंधाची माझ्या सर्वांत आवडती चार पानं त्यावरच आहेत.

ताणाखेरीज वायूची गळती बघायची, आणि पूर्ण व्होल्टेजवर किती प्रवाह झिरपतो तेही. तो काही नॅनोअँपिअरच्या वर नको. मग नळ्या ग्रॅनाइटच्या टेबलावर थरांत चिकटवतात. शेवटी वैश्विक किरणांची, म्हणजे अवकाशातून येणाऱ्या कणांमुळे वातावरणात तयार होणाऱ्या म्युऑनची, वाट बघायची. समुद्रसपाटीला तळहातावरच्या एका चौरस सेंटिमीटरमधून मिनिटाला साधारण एक म्युऑन जातो, त्यामुळे पुरेसा डेटा जमायला वेळ लागतो. रात्रपाळीत मी पडद्यावर नळ्यांमागून नळ्या उजळताना पाहत बसायचे. ज्या नळीत बिघाड होता तीही ओळखू यायची, कारण ती माझ्या हातची होती.

भाषेचं सांगायचं राहिलं. ऑफिसात इंग्रजी चालतं, वर्कशॉपमध्ये जर्मन. 'श्पानुंग' म्हणजे व्होल्टेज, आणि तारेच्या ताणालाही तोच शब्द. सुरुवातीला एक जुने तंत्रज्ञ "श्पानुंग गेली" म्हणाले, मी ताण मोजायला धावले. गेलं होतं व्होल्टेज. त्यांनी मला बसवून दोन्ही अर्थ समजावले, आणि पुढे माझ्या हातात जे कौशल्य आलं ते बहुतेक त्यांच्यामुळे. तंत्रज्ञांना अहो-जाहो करायला, म्हणजे जर्मनमधलं 'झी' वापरायला, विसरू नकोस. जर्मन ए टू पातळीपर्यंत तरी शिकून ये.

आता करार. मार्गदर्शकांना सरळ विचार : बांधणीला किती महिने, आणि बांधलेल्या नळ्यांच्या डेटाचं विश्लेषण मी करणार की दुसरा कोणी? उत्तर गुळमुळीत आलं तर ते लेखी माग. दुसरं, हा नोकरीचा करार आहे की शिष्यवृत्ती? आरोग्यविमा आणि पेन्शनचं गणित त्यावर बदलतं. खोलीचं भाडं म्युनिकमध्ये फार आहे. घर घेताना घरमालक राहण्याचा लेखी दाखला देणार का ते आधी विचार, कारण पत्त्याची नोंद, म्हणजे 'आनमेल्डुंग', त्याशिवाय होत नाही आणि ती दोन आठवड्यांत करायची असते. माझ्या पहिल्या घरमालकाने दाखला नाकारला आणि बँक खात्यापासून सगळं खोळंबलं.

पुढे काय, याची भीती समजते. पण तारांचे डिटेक्टर संपलेले नाहीत. सर्नच्या प्रस्तावित वर्तुळाकार कोलायडरसाठी (कणांची टक्कर घडवणाऱ्या यंत्रासाठी) सुचवलेल्या एका डिटेक्टरमध्ये छपन्न हजारांहून जास्त कप्प्यांचं ड्रिफ्ट चेंबर आहे, हीलियम आणि आयसोब्युटेनवर चालणारं. स्वित्झर्लंडमधल्या मेग-२ या म्युऑनवरच्या प्रयोगात दमटपणामुळे चांदीच्या मुलाम्याच्या अ‍ॅल्युमिनियमच्या तारा गंजून तुटल्या, तेव्हा कारण शोधायला तारा ओळखणारी माणसंच लागली. आणि परतायचं झालं तर उटीला ग्रेप्स-३ हा वैश्विक किरणांचा प्रयोग आहे. तिथल्या म्युऑन दुर्बिणीत सहा मीटर लांबीचे ३७१२ प्रपोर्शनल काउंटर (वायू भरलेल्या, मध्ये तार असलेल्या नळ्या) आहेत, प्रत्येकात १०० मायक्रॉनची टंगस्टनची तार. जमलं तर निघण्याआधीच तिथे जाऊन ये.

तोवर कॉलेजचा सोनोमीटर मागून घे. वजनं बदलत वीस मोजमापं घे, वारंवारितेचा वर्ग आणि ताण यांचा आलेख काढ, चूक किती ग्रॅमची ते लिही आणि मला पाठव. वडिलांना शेजारी उभं कर, तार छेडल्यावर ताण कमी की जास्त हे त्यांना आधी सांगू दे, मग मोज.