कर्वतीसमोर उभं राहताना

फोंडा, गोवा

चि. बाय,

वर्कशॉपमधली टेबलावरची विजेची कर्वत सुरू झाली की छातीत धडधडतं, असं तू लिहिलंस. त्यात लाजण्यासारखं काही नाही. दहा इंची पातं मिनिटाला ४,००० फेरे घेतं तेव्हा दात्यांचा वेग ताशी १९० किलोमीटरच्या आसपास जातो. त्याची धास्ती वाटायलाच हवी. मला काळजी वाटते ती वेगळीच. धास्ती लपवायला तू लाकूड घाईघाईने पुढे रेटशील. पातं लाकडाशी कसं वागतं हे नीट समजलं की हात स्थिरावतो, म्हणून आधी तेच सांगतो.

टेबलावरच्या कर्वतीचे तुझ्या बाजूचे दाते खाली जातात आणि लाकूड टेबलावर दाबून धरतात. मागचे दाते मात्र वर येतात. चिरलेली फळी त्यांच्यात अडकली की उचलली जाते आणि तुझ्या अंगावर फेकली जाते. याला किकबॅक म्हणतात. पापणी लवायच्या आत सगळं होऊन जातं, त्या क्षणी सावरणं कुणालाच जमत नाही. शिवाय फळी उसळताना तिच्यावर टेकवलेला हात पात्यावर ओढला जाऊ शकतो.

फळी अडकते कशाने? आपल्याकडे ओल हे मोठं कारण. पावसाळाभर शेडमध्ये पडलेली फणसाची किंवा मटीची फळी वरून सुकी दिसते, पण आत ओल आणि ताण असतो. चिरता चिरता चीर मिटते आणि पातं चिमटीत सापडतं. दुसरं कारण गाईड, म्हणजे पात्याशेजारची ती सरळ कड, जिला टेकवून फळी पुढे सरकवतात. त्याचं मागचं टोक पात्याकडे झुकलेलं असलं तरी तेच होतं, म्हणून काम सुरू करण्यापूर्वी प्लग काढून दोन्ही टोकांचं पात्यापासूनचं अंतर मोजून घे. आखूड तुकडा आडवा कापताना तो गाईडला टेकवून कधीच ढकलू नकोस, तिरका होऊन अडकतो.

यावरचा उपाय यंत्रातच आहे. पात्यामागे पातळ पोलादी पट्टी असते, रायव्हिंग नाइफ. ती चीर मिटू देत नाही. कित्येक वर्कशॉपमध्ये ती ‘आड येते’ म्हणून काढून माळ्यावर टाकलेली असते, याचा मला फार राग येतो. केवढाही जुना मेस्त, म्हणजे सुतार, सांगो, तिच्याशिवाय चिरायला उभी राहू नकोस. टेबलाला भोक पाडून खाली उलटा बांधलेला चार इंची कटर दिसला तर सरळ नाही म्हण. त्याला पट्टी नाही की पात्यावर झाकण नाही. नव्या माणसाला नाही म्हणणं जड जातं, हे मला ठाऊक आहे. तरी म्हण.

उभी राहशील ती पात्याच्या रेषेत नको, थोडी डावीकडे. पातं लाकडाच्या जेमतेम वर येईल एवढंच ठेव. अरुंद फळी पुश स्टिकने, म्हणजे ढकलायच्या काठीने, पुढे सरकव. पात्याजवळचा तुकडा ते पूर्ण थांबल्याशिवाय उचलू नकोस. ओढणी, बांगड्या काढून ठेव, केस घट्ट बांध. हातमोजे घालू नकोस, दाते कापड पकडतात आणि हात आत खेचतात. डोळ्यांना चष्मा, कानांना इअरमफ आणि नाकाला मास्क मात्र हवाच, लाकडाची बारीक भुकटी फुप्फुसात जाते.

आणि पावसातली वीज! ती मध्येच गेली तर आधी स्विच बंद कर, मग फळीला हात लाव. नाहीतर वीज परतताच कर्वत आपोआप फिरायला लागेल. वीज गेली की बंदच राहणारे स्विच मिळतात. मालकाला तो बसवायला सांग, खर्च फार नाही.

शनिवारी दुपारी माझ्याकडे ये. येताना तुमच्या कर्वतीचं मॉडेल आणि पात्याची जाडी लिहून आण. पट्टी मिळत नसेल तर कुठली बसेल ते मिळून बघू.

तुझा,
काका