कढीपत्त्याचं रोप बॅगेत भरू नकोस

दोन महिन्यांनी इकडे जर्मनीत, लाइपझिगला येताना कढीपत्ता आणि तुळस आणता येईल का, आणि मागे राहिलेल्या आईबाबांशी रोज बोलायचं तरी काय, असं विचारलं आहेस. मी सहा वर्षं इथे आहे, आईबाबा साताऱ्यात. आमच्याकडे हे दोन्ही प्रश्न एकातच मिसळून गेलेत.

रोपं आणू नकोस. युरोपीय संघात बाहेरून रोप किंवा पेरायचं बी आणायचं तर ते निरोगी असल्याचा सरकारी दाखला लागतो. डिसेंबर २०१९ पासून ताज्या फळांनाही लागतो. सूट फक्त अननस, नारळ, केळी, खजूर आणि डुरियनला. त्यात कढीपत्ता लिंबाच्या कुळातला, लिंबू-संत्र्यांचा रोग पसरवणारी कीड त्याच्यावर वाढते. दुधाचे पदार्थही चालत नाहीत, म्हणजे कंदी पेढे विमानात बसायच्या आधीच संपव. मी नव्हते संपवले. अर्धा किलो गेले.

कढीपत्ता इथेच मिळेल. मला एका केरळी काकूंनी मुळाशी आलेला फुटवा काढून दिला. पहिल्या डिसेंबरात त्याची सगळी पानं गळली. दिवस जेमतेम आठ तासांचा आणि वर हीटरची कोरडी हवा. मी कुंडी रिकामी करायला निघाले होते. बाबा फोनवर म्हणाले, "खोड नखाने खरवड. आत हिरवं आहे? मग पाणी कमी कर आणि गप्प बस." मार्चअखेर पालवी आली. तुळस मात्र माझी दोनदा गेली. आता शेंड्याची मंजिरी दिसली की खुडते आणि थंडीत दिव्याखाली ठेवते.

कुंड्या बाल्कनीत काढायची घाई करू नकोस. ११ ते १५ मे या दिवसांना इथे 'आइसहायलिगे' म्हणतात, बर्फाळ संतांचे दिवस. शेवटची 'काल्टे सोफी', थंड सोफी. ती जाईपर्यंत रात्रीच्या हिमाचा भरवसा नाही. आमच्या बाबांचं पेरणीचं गणित मृगावर, पण दर मे महिन्यात न चुकता विचारतात, "सोफीबाई गेल्या का?"

आता बोलण्याचं. "तब्येत कशी आहे?" असं विचारलंस तर "मस्त" एवढंच ऐकायला मिळेल. झाडांचं विचार. गेल्या वर्षी तीन आठवडे बाबांच्या फोटोंत दारातली जास्वंदच येत होती. गच्चीवरचा अनंत फुलला का, म्हटलं तर गप्प. मग आईने फोन घेतला. गुडघा सुजलेला, डॉक्टरांनी जिना चढायला बंदी केलेली, आणि "तिला सांगू नकोस, उगाच काळजी करेल" असं ठरलेलं. शेजारच्या मुलाने चौदा कुंड्या अंगणात उतरवून दिल्या. अनंत रुसला, पण बाबा आता त्याच्याशेजारी खुर्ची टाकून बसतात.

वेळेचं म्हणशील तर उन्हाळ्यात साडेतीन तासांचा फरक, हिवाळ्यात साडेचार. आमचं ब्रह्मकमळ पावसाळ्यात रात्री साडेनऊच्या सुमाराला उमलायला लागतं, तेव्हा माझे सहा वाजलेले असतात. ऑफिसातून येता येता ट्राममध्ये मी ते बघते. आई फोन धरते, बाबा टॉर्च. मागून कुणाचं लग्न ठरलं, कुणाची बायपास झाली, हे सगळं फुलाइतक्याच सावकाश कळतं. (हे आपलं ब्रह्मकमळ मूळचं मेक्सिकोकडचं निवडुंग, हिमालयातलं वेगळं. आईला हे अजून पटलेलं नाही.)

आल्या आल्या 'क्लाइनगार्टन'च्या यादीत नाव घाल. भाड्याने मिळणारा बागेचा तुकडा, जास्तीत जास्त ४०० चौरस मीटर, त्यातल्या एक तृतीयांशात फळं-भाज्या लावाव्याच लागतात. मी अजून रांगेत आहे.

आणि निघायच्या आदल्या दिवशी गच्चीवर जाऊन प्रत्येक कुंडीचा फोटो काढ, मोजून. पुढे एखादी दिसेनाशी झाली, तर कुठली ते तुला कळेल.